तुमचे वर्ष कोणत्या प्राण्याचे?

कोरियात नव्याने ओळख झालेला माणूस नाव विचारून झाल्यावर थोड्याच वेळात वयाकडे वळतो. आपल्याकडे असे विचारणे आगाऊपणाचे वाटते, विशेषतः बायकांना. तिथे ती गरज आहे. कोरियन भाषेत मोठ्याशी बोलण्याची क्रियापदे वेगळी, बरोबरीच्याशी बोलण्याची वेगळी. उर्दूतले ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ किंवा मराठीतले ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘तू’ यांची सवय असलेल्या आम्हाला हे लवकर समजले. फरक इतकाच की तिथे एका वर्षाच्या अंतरानेही बोलण्याची रीत बदलते. म्हणून वय कळल्याशिवाय गप्पांना सूर सापडत नाही. थेट वय विचारणे जड वाटले, तर लोक आडवाटेने विचारतात, ‘तुमची त्ती कोणती?’ म्हणजे तुमचे वर्ष कोणत्या प्राण्याचे?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे तीन आठवडे कोरियात होतो. आमच्या मोठ्या आपांची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून सोल शहराजवळच्या सुवॉन येथे राहतात. सोलापूरच्या उन्हातून तिथल्या गार हवेत पोहोचलो आणि पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न आमच्यापुढे तीनदा आला. आमचा जन्म १९७७ चा. ते सापाचे वर्ष, आणि २०२५ सुद्धा सापाचेच. भाजीवाल्या आजीबाईंना याचा इतका आनंद झाला की त्यांनी कांद्याच्या पातीची एक जुडी फुकट घातली.

बारा प्राणी, साठ वर्षे

बारा प्राण्यांचा क्रम असा आहे: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. दरवर्षी एक प्राणी, बारा वर्षांनी पुन्हा पहिला. पद्धत मूळची चीनची. शेजारच्या देशांनी ती आपापल्या सोयीने घेतली. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे, बैलाच्या जागी म्हैस. जपानात डुकराऐवजी रानडुक्कर. उंदीर पहिला कसा, याची गोष्ट कोरियातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. स्वर्गाच्या राजाने शर्यत लावली. बैल आपली चाल ओळखून रात्रीच निघाला. उंदीर त्याच्या पाठीवर बसून गेला आणि दारापाशी पोहोचताच उडी मारून पुढे झाला. ही गोष्ट आमच्या शाळेतल्या मुलांना सांगितली तेव्हा निम्म्या वर्गाने उंदराच्या हुशारीला टाळ्या वाजवल्या, निम्मा वर्ग बैलाच्या बाजूने भांडत राहिला.

या बारा प्राण्यांबरोबर दहा चिन्हांचे आणखी एक चक्र फिरते. त्यातून वर्षाचा रंग ठरतो. दोन्ही चक्रे पुन्हा एकत्र जुळायला साठ वर्षे लागतात. म्हणून साठ वर्षे पूर्ण होणे, ज्याला तिथे ‘ह्वानगाप’ म्हणतात, हा मोठा घरगुती सोहळा असे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण झाले की षष्ट्यब्दी करतात. दोन देशांतली गणिते वेगवेगळी, पण साठावर येऊन थांबण्याची रीत सारखी.

वर्ष बदलते ते चांद्र नववर्षाला, म्हणजे ‘सोल्लाल’ला. कोरियाचे जुने पंचांग महिने चंद्रावर मोजते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मध्ये अधिक महिना घालते, आपल्याकडच्या अधिक मासासारखा. आपल्या हिजरी सनात असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सोल्लाल मात्र जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी यांच्या मध्येच राहतो. यंदा गंमत झाली. १७ फेब्रुवारीला सोल्लाल आला, घोड्याचे वर्ष लागले, आणि त्याच अमावास्येनंतरचा चाँद दिसून आपला रमजान सुरू झाला.

रस्त्यात, दुकानात, मेनूकार्डावर

हे प्राणी शोधायला संग्रहालयात जावे लागत नाही. टपाल खाते दरवर्षी त्या वर्षाच्या प्राण्याचे तिकीट काढते. वर्तमानपत्रात रोजचे भविष्य त्ती आणि जन्मवर्षाप्रमाणे छापलेले असते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा होदोरी वाघ होता, २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकचा सुहोरांग पांढरा वाघ. स्वप्नात डुक्कर आले तर माणूस लॉटरीचे तिकीट काढतो, कारण डुकरासाठीच्या जुन्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार ‘दोन’ आणि पैशालाही ‘दोन’च म्हणतात.

त्ती जुळणाऱ्या पण बारा वर्षांचे अंतर असलेल्या दोघांना ‘त्ती-डोंगगाप’ म्हणतात. सासू आणि सून अशा निघाल्या तर घरात त्याची चर्चा होते. शाळेत शिक्षक आणि विद्यार्थी निघाले तर वर्ग हसतो. वयाच्या हिशेबात तर त्ती फार कामाला येते. परवापरवापर्यंत कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचे धरत आणि १ जानेवारीला सगळ्यांचे वय एकदम वाढत असे. जून २०२३ पासून कायद्याने बहुतेक सरकारी कामांत जगभरासारखे वय मोजणे सुरू झाले. तेव्हापासून एकाच माणसाची दोन वये ऐकू येतात. त्ती मात्र बदलत नाही, म्हणून म्हातारी माणसे तीच सांगतात.

आम्हाला या बारा शब्दांचा उपयोग अगदी वेगळ्या कारणाने झाला. कोरियात राहणारे मुसलमान कुटुंब पहिला कोणता शब्द शिकते? ‘ड्वेजी’. म्हणजे डुक्कर. पाकिटावर ‘ड्वेजी-गोगी’ लिहिले असेल तर ते परत फडताळात. ‘सो’ म्हणजे बैल-गाय, ‘डाक’ म्हणजे कोंबडी, ‘यांग’ म्हणजे मेंढी. भाचीने दुसऱ्याच दिवशी वहीत ही नावे कोरियन अक्षरांत लिहून दिली. तिकडे भविष्याच्या पुस्तकात जे शब्द, तेच इकडे हलाल-हरामच्या यादीत. आमच्या ह्यांनी तेवढ्यावर भागवले. आम्ही उर्दू शिकवणाऱ्या, त्यामुळे लिपी पाहिली की राहवत नाही. आठवडाभरात आम्ही दुकानांच्या पाट्या अडखळत का होईना वाचू लागलो.

दगडातले पहारेकरी

सोलमधल्या ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्यात मुख्य दरबारगृहाभोवतीच्या दगडी कठड्यांवर हे प्राणी बसवलेले आहेत. ससा इतका गोड की मुले त्याच्यापाशीच फोटो काढतात. कुत्रा आणि डुक्कर मात्र तिथे नाहीत. राजवाड्याच्या आवारातच राष्ट्रीय लोकसंग्रहालय आहे. त्याच्या अंगणात बाराही प्राणी गोलाकार उभे केले आहेत आणि शाळेच्या सहली आपापला प्राणी शोधत फिरत असतात.

पण खरे पाहण्यासारखे आहे ते ग्यॉन्गजू. सोलहून वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. सिल्ला नावाच्या जुन्या राज्याची ही राजधानी. गावात घरांच्या मधूनच गवताने झाकलेल्या टेकड्या दिसतात. त्या टेकड्या नव्हेत, राजांच्या कबरी आहेत. इ.स. ६७३ मध्ये वारलेला सेनापती किम यू-शिन याच्या कबरीभोवती दगडी शिळा लावल्या आहेत आणि त्यांतल्या बारांवर हे बारा प्राणी कोरले आहेत. शरीर माणसाचे, डोके प्राण्याचे, अंगावर साधे कपडे आणि हातात शस्त्र. प्रत्येक जण आपापल्या दिशेला तोंड करून पहारा देतो. भविष्य सांगण्याआधी या प्राण्यांचे काम दिशा आणि वेळ मोजणे आणि राखण करणे हे होते. जुन्या काळी दिवसाचे बारा भाग करून त्यांनाही हीच नावे देत. मध्यरात्रीचा प्रहर उंदराचा, दुपारचा घोड्याचा.

तिथून पुढे राजा वॉनसॉन्ग याची कबर आहे. हा राजा ७९८ मध्ये वारला. तिच्याभोवतीही प्राणी आहेत, पण आमचे पाय थांबले ते वाटेवरच्या दगडी पहारेकऱ्यांपाशी. खोल डोळे, मोठे नाक, कुरळी भरघोस दाढी, कपाळाला पट्टा. कोरियन चेहरा नव्हेच. हे लोक मध्य आशियातले, इराणी किंवा अरब असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नवव्या शतकातल्या इब्न खुर्दाजबिह या भूगोलकाराने आपल्या ग्रंथात चीनच्या पलीकडच्या ‘शिला’ देशाचे वर्णन केले आहे आणि तिथे गेलेले मुसलमान तिथेच राहून जातात असेही नोंदवले आहे. म्हणजे आमच्या भाचीच्या आधी अकराशे वर्षे कोणीतरी तिथे जाऊन राहिले होते.

पुढे पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या दरबारी विद्वानांनी ग्रहगणिताचा जो ग्रंथ तयार केला, त्याचा एक भाग चीनमार्गे आलेल्या मुस्लिम खगोलशास्त्रावर आधारलेला होता. ग्रहणांचा हिशेब त्यातून करता येत असे. याच राजाच्या काळात, १४२७ मध्ये, तिथल्या मुसलमानांना आपला पोशाख आणि रीतिरिवाज सोडण्याचे फर्मानही निघाले. त्यांचे गणित दरबारात राहिले, माणसे मात्र हळूहळू इतरांत मिसळून गेली.

‘आमच्या वर्गातले सगळेच ड्वेजी!’

भाचीच्या मुलीचा जन्म २०१९ चा, म्हणजे डुकराच्या वर्षातला. आम्ही गेलो तेव्हा ती बालवाडीच्या शेवटच्या वर्गात होती. बालवाडीत ‘माझी त्ती’ असा उपक्रम निघाला. मुलांनी आपल्या प्राण्याचा कागदी मुखवटा करायचा, तो घालून पालकांसमोर एक गाणे म्हणायचे, आणि शेवटी बाईंनी त्या त्तीच्या मुलांचा स्वभाव आणि नशीब वाचून दाखवायचे. चिठ्ठी वाचून भाचीचा चेहरा उतरला. ‘खाला, जेवणातून वगळा म्हणून मी वर्षभर सांगत आले. आता हिला मुखवटाच घालणार म्हणतात. गावी अम्मींना फोटो कसा पाठवू?’

जावयांचे म्हणणे वेगळे होते. ‘प्राणी तर अल्लाहनेच पैदा केला. खायची मनाई आहे, नाव घ्यायची नाही.’ भाची म्हणाली, ‘नावाचं नाही हो, नशिबाचं काय?’ त्या रात्री जेवताना बराच वेळ हेच चालले. मुलगी ऐकत होती. तिला काही कळले असावे, कारण तिने आम्हाला समजावले, ‘नानी, मी एकटी नाही. आमच्या वर्गातले सगळेच ड्वेजी!’

तिचे बरोबर होते. कोरियात एका इयत्तेत एकाच सालात जन्मलेली मुले असतात. जानेवारीतली एक-दोन सोडली तर सगळ्या वर्गाची त्ती एक. दुसऱ्या दिवशी तिला आणायला आम्ही गेलो आणि फाटकापाशी उभे राहून ती मुले पाहिली. एक जण बूट हरवला म्हणून रडत होता. एक मुलगी दोघींची दप्तरे एकटी उचलून चालली होती. एक पोरगा मुंग्यांपुढे बसून राहिला होता, हाका मारूनही उठेना. एकाच वर्षाची, एकाच प्राण्याची ही मुले, आणि एकाचा स्वभाव दुसऱ्यासारखा नाही. वीसेक वर्षे वर्गात उभे राहिल्यावर आम्हाला यात नवे काही नव्हते, पण त्तीचे स्वभाव सांगणाऱ्यांनी पंधरा मिनिटे तरी अशा फाटकापाशी उभे राहावे असे वाटले.

भाची बाईंना जाऊन भेटली. बाई तरुण होत्या, नम्र होत्या. आपल्या दृष्टीने हा निव्वळ खेळ आहे, यात धर्माचा प्रश्न येईल हे सुचले नाही, असे त्या म्हणाल्या. बोलून मार्ग निघाला. मुखवट्याची सक्ती राहिली नाही. ज्याला हवे त्याने आपल्या जन्मवर्षाचा फलक करायचा. नशीब वाचण्याचा भाग काढून त्याजागी प्रत्येक मुलाबद्दल बाईंनी स्वतः पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगायची. आमच्या नातीबद्दल त्या म्हणाल्या की ती खाऊ वाटताना कोणाला विसरत नाही. समोर बसलेल्या कोरियन आयांनाही हा बदल आवडला, कारण प्रत्येकीला आपल्या मुलाबद्दल काही ना काही ऐकायला मिळाले.

सोन्याचे डुक्कर आणि पांढरा घोडा

हा खेळ नेहमी खेळच राहतो असे नाही. २००७ हे ‘सोन्याच्या डुकराचे’ वर्ष आहे, त्यात जन्मलेले मूल श्रीमंत होते, अशी हूल कोरियात उठली. आदल्या वर्षी सुमारे साडेचार लाख मुले जन्मली होती, त्या वर्षी ४ लाख ९० हजारांहून जास्त. रंगांच्या हिशेबाने ते वर्ष खरे तर लाल होते. सोनेरी वर्ष आले २०१९ मध्ये, आणि तेव्हा जन्म झाले जेमतेम तीन लाख. तोवर घरांचे भाव, शिकवण्यांचा खर्च आणि नोकरीची धावपळ यांपुढे सोन्याचे डुक्करही फिके पडले होते. २००७ ची ती भाग्यवान मुले गेल्या नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला बसली, तेव्हा परीक्षार्थींची संख्या वाढलेली होती. नशिबाच्या वर्षाने त्यांना दिली ती जास्त स्पर्धा.

‘सामजे’ नावाची आणखी एक समजूत आहे. दर बारा वर्षांत तीन वर्षे संकटाची, आणि ती एका वेळी तीन त्तींना लागू होतात. सध्या डुक्कर, ससा आणि मेंढी यांची पाळी आहे. लोक ताईत घेतात, काही जण मोठी खरेदी पुढे ढकलतात. बारांतल्या तीन त्ती म्हणजे देशातला साधारण चौथा माणूस एकाच वेळी अशुभ छायेत. ती छाया एवढी मोठी असती तर रेल्वे वेळेवर कशी धावली असती?

सर्वांत कडू गोष्ट घोड्याची. घोड्याच्या, विशेषतः ‘पांढऱ्या घोड्याच्या’ वर्षातली मुलगी हट्टी निघते, नवऱ्याला जड जाते, अशी समजूत तिथे होती. ती जपानकडून आली असे सांगतात. जपानात १९६६ हे लाल घोड्याचे वर्ष होते आणि त्या एका वर्षात तिथले जन्म सुमारे एक चतुर्थांशाने घटले. कोरियात पांढऱ्या घोड्याचे वर्ष आले १९९० मध्ये. तोवर गर्भ पाहण्याची यंत्रे दवाखान्यांत पोहोचली होती. त्या वर्षी दर १०० मुलींमागे ११६ हून अधिक मुलगे जन्मले. निसर्गतः हे प्रमाण १०५ च्या आसपास असते. ज्या प्रांतात ग्यॉन्गजू आहे, त्या उत्तर ग्यॉन्गसांगमध्ये ते १३० च्या घरात गेले. सगळा दोष घोड्याच्या माथी मारता येणार नाही. मुलगाच हवा ही ओढ आधीपासून होती, आणि पुढची काही वर्षेही आकडे वाईटच राहिले. घोड्याने फक्त एक सबब पुरवली.

इतेवॉनच्या टेकडीवर सोलची मोठी मशीद आहे, १९७६ मध्ये उघडलेली. जुम्याच्या नमाजनंतर तिथे एका कोरियन बहिणीशी आमची ओळख झाली. तिने काही वर्षांपूर्वी इस्लाम स्वीकारला आहे. सवयीप्रमाणे त्तीचा विषय निघाला. ‘माझी घोडा,’ ती म्हणाली, ‘१९९० चा.’ आम्ही काही बोललो नाही. तिनेच पुढे सांगितले, भाचीने अर्थ सांगितला. तिच्या आजीने आईला डॉक्टरकडे जाऊन यायला सुचवले होते. आई गेली नाही. लहानपणी ती जरा मोठ्याने बोलली तरी कोणीतरी घोडा म्हणायचे. तिच्या इयत्तेत मुलगे जास्त होते, बाकावर जोडीला मुलगी मिळत नसे. ‘आता कोणी विचारले तर मी वर्ष सांगते,’ ती म्हणाली, ‘त्यात माझे नशीब नाही.’

जी मुलगी जन्मताच पुरली गेली, तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले हे कयामतच्या दिवशी विचारले जाईल, ही कुरआनातली ताकीद आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारी मशिदीच्या पायऱ्यांवर ती आम्हाला वेगळ्याने आठवली. कारण हा प्रश्न एकट्या कोरियाचा नाही. कोरियाने गर्भाचे लिंग सांगण्यावर बंदी घातली १९८७ मध्ये, आणि देशात पहिल्यांदा असा कायदा आपल्या महाराष्ट्राने केला १९८८ मध्ये. दोन्हीकडे रोग एकच होता. पुढची वाट मात्र वेगळी झाली. कोरियात २००७ पर्यंत प्रमाण निसर्गाच्या जवळ, १०६ वर आले. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, म्हातारपणी मुलगीच विचारपूस करते हे लोकांनी पाहिले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. आपल्याकडे घोड्याचे वर्ष नव्हते. सबबी दुसऱ्या होत्या.

सबबींचे म्हणाल तर आपली घरेही रिकामी नाहीत. सफरच्या पहिल्या तेरा दिवसांना ‘तेरा तेजी’ म्हणून दख्खनच्या कितीतरी घरांत आजही निकाह ठरवत नाहीत. अपशकुन नाही आणि सफरमध्ये काही वाईट नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट असताना आपण तारीख पुढे ढकलतो. एखादी सून घरात आली आणि म्हैस आटली, तर तिच्या ‘पायगुणा’ची कुजबुज होते. कोरियन सासूच्या तोंडी घोडा आणि आपल्या तोंडी पायगुण. ऐकणाऱ्या मुलीला दोन्ही सारखेच लागतात.

यंदा पुन्हा घोड्याचे वर्ष आहे, आणि साठ वर्षांनी पुन्हा लाल घोड्याचे. आता कोरियात लोक मुलगा की मुलगी यापेक्षा मूल व्हावे एवढीच दुआ करतात, इतके जन्म कमी झाले आहेत. गर्भाचे लिंग ३२ आठवड्यांआधी सांगू नये हा उरलेला नियमही तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केला. मुली नकोशा राहिल्या नाहीत, म्हणून नियमाची गरज उरली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्याकडे तो दिवस यायचा आहे. तोवर आपल्या घरात एवढे तरी करता येईल. सफरमध्ये चांगले स्थळ आले तर तारीख धरावी, आणि नव्या सुनेच्या पावलांचा हिशेब ठेवू नये.

आमची नात या मार्चपासून कोरियातल्या पहिलीच्या वर्गात जाऊ लागली. इन्शाअल्लाह पुढच्या सुट्टीत ती सोलापूरला येईल. बारा प्राण्यांची शर्यत तिला तोंडपाठ आहे आणि आमच्या वर्गात येऊन ती सांगायचे तिने कबूल केले आहे. बैलाच्या बाजूने भांडणारी मुले तयारच आहेत.